काट्यावरचा फुगा

शाळेच्या मागच्या अंगाला, जिन्याला वळसा घालून गेलं की एक लांबोडकी खोली लागे. दोन खिडक्या, तीन दगडी ओटे, एक गळका नळ आणि भिंतीला टेकलेलं काचेचं कपाट. कपाटात चंबू, चंचुपात्रं, परीक्षानळ्या सगळं पालथं घालून ठेवलेलं. घरची माणसं भांडी घासूनपुसून परगावी गेली आणि परतायचं विसरली, तशी ती खोली दिसे. नव्या बाई विज्ञान शिकवायला रुजू झाल्या तेव्हा दाराला गंजलेलं कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडेच नव्हती. शिपायाने कडी उचकटली. दार करकरलं. आतून धुळीचा, स्पिरिटचा आणि जुन्या लाकडाचा वास अंगावर आला. शिपाई शिंकला. बाई मात्र उंबऱ्यातच थांबून तो वास घेत राहिल्या.

बाईंच्या स्वतःच्या शाळेत प्रयोग फळ्यावर होत. खडूचा चंबू, खडूची ज्योत, खडूचे बुडबुडे. खडूचा बुडबुडा कधी फुटत नाही, आणि न फुटणाऱ्या बुडबुड्याकडे पोर किती वेळ बघणार? खरी परीक्षानळी त्यांच्या हातात पहिल्यांदा आली ती कॉलेजात, आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी अशी घट्ट धरली होती की शेजारची मुलगी हसली होती. म्हणून ही खोली बघितल्यावर बाईंनी पदर खोचला. महिनाभर शाळा सुटली की त्या थांबत. काच धुतली, ओटे घासले, नळाला सुतळी गुंडाळली. नळ तरी गळतच राहिला, पण आता सुतळीवरून गळत होता, म्हणजे आवाज येत नव्हता.

मग त्यांनी आठवीचा वर्ग खोलीत आणला, आणि पहिल्याच दिवशी त्यांना कळलं की धूळ नुसती कपाटावर नव्हती.

पोरं ओट्याभोवती उभी राहिली, वह्या उघडल्या आणि सगळ्यांनी माना खाली घालून लिहायला सुरुवात केली. बाईंनी अजून काडीही ओढली नव्हती.

"काय लिहिताय?"

"निष्कर्ष," एकाने सांगितलं. हा मुलगा सकाळी तोंड उघडी तो शाळा सुटेपर्यंत मिटत नसे, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. "पुस्तकात आहे ना, बाई. ते आधी लिहून घ्यायचं. मागचे सर म्हणायचे, आधी निष्कर्ष, मग वेळ उरला तर निरीक्षण."

"आणि वेळ उरायचा?"

"नाही ना. मग निरीक्षण घरी लिहायचं. निष्कर्षाला शोभेल असं."

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण घरी जाताना वाटभर ते वाक्य त्यांच्या चपलेत खडा जावा तसं टोचत राहिलं.

मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, वाईट नव्हत्या. कामाच्या रगाड्यात दबलेल्या होत्या. छत गळतंय, बाक मोडलेत, दोन शिक्षक कमी, आणि त्यातच शाळेला एक मोठा पडदा मंजूर झाला होता. भिंतीएवढा. त्यावर धडे दिसणार, प्रयोग दिसणार, ग्रहतारे फिरणार. त्याला खोली हवी होती. एका दुपारी त्यांनी नव्या बाईंना बोलावलं आणि समोर चहाचा कप सरकवला. चहा आला म्हणजे काहीतरी काढून घेणार, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुम्ही खोली छान स्वच्छ केलीत," मोठ्या बाई म्हणाल्या. "पडद्याला अगदी योग्य झाली."

बाईंचा कप ओठाशीच थांबला.

"अहो, तिथे प्रयोग करतोय आम्ही."

"करताय, पण खरं सांगा, येतात का बरोबर? मी इथे आल्यापासून त्या खोलीतला एकही प्रयोग पुस्तकासारखा आलेला बघितला नाही. काच फुटते, पोरं एकमेकांचं बघून लिहितात. पडद्यावर प्रयोग दर वेळी बरोबर येतो. तुम्ही बटण दाबायचं आणि समजावून सांगायचं. तुमचाही त्रास वाचेल."

बटण दाबायचं आणि बाजूला उभं राहायचं. बाईंच्या डोळ्यांपुढे खडूचा चंबू आला. नुसता आता रंगीत, हलणारा, आणि भिंतीएवढा मोठा.

"एक तास बघा," त्या म्हणाल्या. "एकच. मग ठरवा."

मोठ्या बाईंनी कॅलेंडरकडे बघितलं. "पडदावाले सोमवारी माप घ्यायला येतायत. शुक्रवारी येते मी. पण बाई, मला पोरं काहीतरी शिकलेली दिसायला हवीत. नाहीतर खोली पडद्याला जाईल, आणि मग माझ्यावर रुसायचं नाही."

घरी बाई आणि त्यांच्या वन्सं, दोघीच असत. बाईंचा नवरा लांब पल्ल्याच्या मालगाडीवर, महिन्यातून चार दिवस घरी, आणि त्यातले दोन झोपेत. वन्संनी लग्न केलं नव्हतं. औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे उभ्या राहून त्या अख्ख्या वस्तीची दुखणी ओळखून होत्या, आणि घर त्यांच्याच शब्दावर चालत होतं.

"म्हणजे प्रयोग काय, तर काही हरवत नाही हे दाखवायचं," वन्संनी भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं. "हे दाखवायला शाळा कशाला हवी? या घरात ये. माझा चष्मा हरवतो, तुझ्या नवऱ्याचे मोजे हरवतात. सगळं घरातच असतं, सापडत नाही एवढंच."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "दोन पदार्थ मिसळले, त्यांचं तिसरंच काही झालं, वायू झाला, तरी सगळं मिळून वजन तेवढंच. फक्त वायू कोंडून ठेवायचा. पळू द्यायचा नाही."

बाटलीत त्यांनी व्हिनेगर ओतलं. फुग्यात चमचाभर खाण्याचा सोडा भरला, फुग्याचं तोंड बाटलीच्या तोंडावर ताणून बसवलं. फुगा बाजूला मान टाकून लोंबकळत राहिला. सगळं उचलून स्वयंपाकघरातल्या जुन्या काट्यावर ठेवलं आणि काटा कुठे थांबला तिथे पेन्सिलीची रेघ ओढली. मग फुगा उचलून सरळ केला. सोडा खाली पडला, बाटलीत फसफस उसळली आणि फुगा डुलत डुलत उभा राहिला.

वन्संनी सुरी खाली ठेवली. भाजीचे हात पदराला पुसत त्या वाकल्या, आणि जात्याशी बसल्यासारखा सूर धरला:

"व्हिनेगर-सोडा, भांडले तडातडा,
भांडणाचा त्यांच्या फुगा झाला केवढा."

"वन्सं, काटा बघा ना."

"बघितला. तुझ्या रेघेवरच आहे." त्यांनी काट्याला टिचकी मारली. "पण वहिनी, हा काटा म्हणजे आपल्या दाराशी बसणारा म्हातारा. शेजारी भिंत पडली तरी मान वळवत नाही. याच्यावर कोण विश्वास ठेवणार? दुकानात नवा काटा आलाय. मिठाचे चार खडे टाकलेस तरी आकडा हलतो. मालकांना सांगून शुक्रवारपुरता आणते."

बाईंना वाटलं, वन्संच्या रूपाने देवच पावला. मोठ्या बाईंच्या समोर असा काटा, आणि त्यावर आधीचा आकडा नि नंतरचा आकडा, शेवटच्या टोकापर्यंत सारखा. पडदावाल्यांनी माप घेऊच नये असा.

शुक्रवारी ओट्यावर काटा मांडला. चपटा, तळहाताएवढा, लाल आकड्यांचा. वाऱ्याने आकडा हलू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या. मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या. आपल्याला उशीर होतोय असं त्यांच्या बसण्यातूनच दिसत होतं.

बाईंनी बाटली, व्हिनेगर, सोडा, फुगा सगळं पोरांना दाखवून दाखवून जोडलं आणि काट्यावर ठेवलं. रेडिओने मोठ्याने वाचलं, "दोनशे बारा पॉइंट चार शून्य." फळ्यावर आकडा चढला. फुगा सरळ झाला, फसफस झाली, पोरांच्या तोंडून "ओ" निघाला. फुगा मोठ्या डाळिंबाहून जरा मोठा झाला आणि थांबला. फेस खाली बसला.

"आता वाच."

"दोनशे बारा पॉइंट चार शून्य," रेडिओ म्हणाला. वह्यांवर पेनं चालू लागली. वस्तुमान समान. वस्तुमान समान. वस्तुमान समान.

रेडिओने काट्याकडे बघितलंच नव्हतं. तो फळ्याकडे बघून वाचत होता.

"तसं नाहीये ते," एक बारीक आवाज आला.

ही मुलगी पहिल्या रांगेत उभी असे, कारण मागे उभी राहिली तर तिला काही दिसत नसे. अंगाने काडी, नाव पडलं होतं चिमटी. ती ओट्याच्या कडेला हनुवटी टेकून आकड्याच्या सरळ रेषेत उभी होती. "दोनशे अकरा पॉइंट आठ तीन आहे."

पेनं थांबली. बाईंनी वाकून बघितलं. दोनशे अकरा पॉइंट आठ तीन. लाल आकडे स्थिर होते, त्यांना कसलीच लाज नव्हती.

अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त. घरचा म्हातारा काटा एवढ्यासाठी मान हलवणार नव्हता. हा मात्र बोलला. बाटली जरा सरकवायचं निमित्त करून ओट्याशी नेलेल्या बोटाने काट्याची कड हळूच दाबली असती, तर आकडा चार शून्यावर आणता आला असता. पोरांनी लिहूनही ठेवलं होतं. मोठ्या बाई लांब होत्या. आणि पुस्तक बाईंच्या बाजूने होतं. खोट्याने तरी ते खरंच ठरलं असतं.

हात ओट्याजवळ गेला. चिमटीची हनुवटी तिथेच होती, आणि तिचे डोळे आकड्यावरून हलत नव्हते.

बाईंनी हात मागे घेतला.

"चिमटी बरोबर वाचतेय," त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. "कमी भरलंय. का कमी भरलं ते मला आत्ता सांगता येत नाही."

वर्गात असं काही कुणी आजवर ऐकलं नव्हतं. बाईंना सांगता येत नाही? रेडिओसुद्धा बंद पडला. मागे बाक किरकिरला, मोठ्या बाई उठल्या.

"बाई," त्या मऊ आवाजात म्हणाल्या, आणि तो मऊपणाच जास्त लागला. "तुम्ही कष्ट घेतलेत. मी बघितलं."

"मोठ्या बाई, पुढचा तासही माझाच आहे. बसाल का?"

"कशाला?"

"अर्धा ग्रॅम शोधायचाय."

मोठ्या बाईंनी दाराकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि शेवटी पोरांकडे. एकही पोर जागचं हललं नव्हतं. मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली होती, तरी कुणी डब्याकडे धावलं नव्हतं. त्या परत बसल्या. "बसते. पण मला शेवट बघायचाय. 'पुढच्या वेळी सांगते' नको."

"ठीक आहे. आता सगळ्यांनी सांगा, कुठे गेला असेल?"

या वर्गाला उत्तर माहीत असलेले प्रश्न ऐकायची सवय होती. मग कुणीतरी मागून म्हणालं, "गळला असेल." आणि बांध फुटला. फुग्याला भोक असेल. बाटलीला भोक असेल. काटाच खोटा असेल. रेडिओ परत सुरू झाला, "बाई, काटा औषधाच्या दुकानातला ना? त्यांच्याकडे सगळंच थोडं कमी भरतं."

"माझ्या वन्संच्या कानावर घालू का?"

"नको, बाई. आमच्या आईचा खोकला तिथूनच बरा होतो."

आधी काटा तपासला. दोन खडू ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले, आकडा तोच. काटा खरा निघाला. मग गळती. साबणाचा फेस करून फुग्याच्या तोंडाशी, बाटलीच्या गळ्याशी, सगळीकडे लावला. गळत असेल तर बुडबुडा फुगेल. अख्खा वर्ग श्वास रोखून एका काचेच्या गळ्याकडे बघत राहिला. मोठ्या बाई कधी उठून मुलांच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या, कुणाला कळलं नाही. एकही बुडबुडा फुगला नाही. फेस आपोआप वाळून पांढरी रेघ उरली.

"म्हणजे गळालं नाही," चिमटी म्हणाली. "सगळं आतच आहे. तरी कमी आहे."

"वायू हलका असेल," रेडिओ म्हणाला. "जत्रेतले फुगे नाही का वर जातात, तसा."

बाईंनी दुसरा एक फुगा तसाच सोड्याच्या वायूने फुगवला आणि बांधून हातातून सोडला. तो वर गेला नाही. तो सावकाश खाली आला आणि फरशीवर एकदा उडून निजला. "हा वायू हवेपेक्षा जडच असतो. मग?"

बाई बाटलीभोवती फिरल्या. आधी काय होतं, नंतर काय झालं? व्हिनेगर तेच, सोडा तोच, बाटली तीच, फुगा तोच.

चिमटीने एक बोट उचललं, विचारू की नको असं.

"बाई, फुगा तोच आहे, पण तो आता जास्त जागा अडवतोय ना."

"हो. मग?"

"आमच्याकडे हौद आहे. मी पाणी काढते. बादली पाण्यात असते तोवर एका बोटावर येते. पाण्याबाहेर काढली की हात उपटतो. बादली तीच, पाणी तेच." ती थांबली. "म्हणजे पाणी खालून तिला धरतं."

"इथे पाणी कुठंय?" रेडिओने विचारलं.

बाईंनी मान वर केली. खोलीत नळ सुतळीवरून मुकाट गळत होता. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात धुळीचे कण तरंगत होते. पडत नव्हते, तरंगत होते, वर्षानुवर्षं, याच खोलीत.

"हवा आहे," बाई म्हणाल्या. "चिमटे, हवा आहे. आपण सगळे हौदातच उभे आहोत, हवेच्या." त्या भराभर बोलू लागल्या. "मोठा झाला तेवढी हवा त्या फुग्याने बाजूला सारली. आणि हवेने त्याला खालून धरलं, तुझ्या बादलीसारखं. आतलं काही हरवलं नसेल. फुगा नुसता थोडा उचलला गेलाय."

"नसेल?" मागून मोठ्या बाईंनी विचारलं. "की नाही?"

बाईंनी वळून बघितलं. हा प्रश्न त्यांना आवडला. "नसेल. अजून 'नाही' म्हणता येत नाही. ते कसं कळेल, सांगा पोरांनो? फुगा फुगल्यामुळे कमी भरलं असेल, तर काय करून बघायचं?"

"फुगूच द्यायचं नाही," तीन-चार तोंडं एकदम म्हणाली.

नळाशी गॅसवाल्या थंड पेयाची एक जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली होती, घट्ट फिरकीच्या झाकणाची. बाईंनी तीच घेतली. ही बाटली असला वायू पोटात घेऊनच जन्माला आलेली, ती फुगणार नाही. तरी कोंडलेल्या वायूशी चेष्टा बरी नव्हे, म्हणून त्यांनी सोडा कमीच घेतला आणि पोरांना दोन पावलं मागे सरकवलं. सोडा एका छोट्या परीक्षानळीत भरून ती नळी दोऱ्याने बाटलीत अलगद उभी सोडली, तळाशी व्हिनेगर, आणि झाकण पिळून बसवलं.

"कोण वाचणार?"

रेडिओने स्वतःहून चिमटीला पुढे ढकललं. मग तिच्या शेजारी तोही वाकला, हनुवटी ओट्याला टेकून.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट तीन सहा," दोघं एकदम म्हणाले.

बाईंनी बाटली तिरकी केली. आत फसफस उसळली, बाटली कडक झाली, पण आकार बदलला नाही. फेस निवला. त्यांनी बाटली काट्यावर ठेवली आणि हात असे लांब घेतले की कुणी म्हणू नये यांनी काही केलं.

आकडा धावला. पाचावर गेला, सहावर आला, पापणी लवावी तसा एकदा लवला, आणि थांबला.

"अठ्ठ्याण्णव," रेडिओ कुजबुजला. त्याचा आवाज इतका हळू असू शकतो हे वर्गाला पहिल्यांदाच कळलं. "पॉइंट तीन. सहा."

या वेळी कुणी लिहायला घेतलं नाही. जो तो पुढे येऊन स्वतः वाचत होता. मागच्यांना पुढे यायचं होतं, पुढच्यांना हलायचं नव्हतं, आणि नव्या बाईंनी कुणाला रांग लावायला सांगितलं नाही.

"आता झाकण उघडलं तर?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तर जो कोंडलाय तो पळेल. आणि काटा सांगेल, किती पळाला ते."

"मी उघडू?"

पोरांनी वाट दिली. मोठ्या बाईंनी पदर सावरला, बाटली काट्यावरच एका हाताने धरली आणि दुसऱ्याने झाकण फिरवलं. बाटलीने लांब सुस्कारा टाकला. त्या दचकून मागे झाल्या आणि मग स्वतःलाच हसल्या. झाकण बाटलीवर परत सैल ठेवलं. आकडा खाली उतरला आणि उतरतच राहिला, हळूहळू.

"सत्त्याण्णव पॉइंट सात," चिमटी वाचत होती. "सहा नऊ. सहा आठ."

"हा खरा पळाला, बाई," रेडिओ म्हणाला. "फुग्यातला पळाला नव्हता. तो नुसता पोहत होता."

बाईंना एकदम हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. त्यांनी फळ्याकडे तोंड केलं आणि उगाचच खडू शोधला.

"बाई, वहीत लिहिलेलं खोडू?" कुणीतरी विचारलं.

"खोडू नका. त्याच्याखाली लिहा, आज काय बघितलं ते. जसं बघितलं तसं."

पोरं लिहायला बसली. दोघंतिघं मध्येच उठून काट्यावर काय काय ठेवून बघत होती. खोडरबर. पेनाचं टोपण. फुंकर.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाई खोलीतच रेंगाळल्या. नव्या बाई परीक्षानळ्या धूत होत्या.

"लहानपणी दिवे गेले की मी मेणबत्तीखाली बशी ठेवायचे," मोठ्या बाई म्हणाल्या. "मेण वाया जाऊ नये म्हणून. सकाळी बघावं तर बशीत चार थेंब. एवढी मोठी मेणबत्ती, आणि चार थेंब. आईला विचारलं बाकीचं कुठे गेलं, तर ती म्हणाली, उजेड झाला." त्या ओट्यावरचा काटा बोटाने हळूच सरळ करत राहिल्या. "पुढे शिकले मी सगळं. परीक्षाही दिल्या. पण मनात अजून तेच बसलंय, की मेणाचा उजेड होतो. खरं काय होतं हो?"

"वायू होतो आणि वाफ होते. हवेत जातात. पुस्तकात तसंच आहे." बाईंनी हात पुसले. "पण कोंडून, मोजून मी स्वतः कधी बघितलेलं नाही."

"मग बघू या की."

"आत्ता?"

"का, तुमच्या वन्सं वाट बघतायत?"

कपाटात अर्धी मेणबत्ती सापडली, आणि रुंद तोंडाची एक बरणी. बाईंनी मेणबत्ती पेटवून बरणीत उभी केली आणि झाकण लावलं. दोघी वाकल्या. ज्योत सरळ उभी राहिली, मग आखूड झाली, मग निळसर, आणि पाचदहा श्वासांत विझली. धुराची एक बारीक दोरी वर गेली, झाकणाला लागली, आणि वाट न मिळाल्याने काचेच्या कडेकडेने खाली उतरू लागली.

"एवढंच?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"जळायला लागणारी हवा संपली आतली. लहान बरणीत मेण जळतच नाही फारसं. मोजण्याइतकं काही झालं नाही."

"म्हणजे प्रयोग फसला."

"फसला," नव्या बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की हा शब्द आज आपण सहज उच्चारला.

मोठ्या बाई बरणीतला धूर बघत होत्या. काचेवर आतून बारीकसं दव धरलं होतं. त्यांनी त्यावर बाहेरून बोट फिरवलं. दव पुसलं गेलं नाही, ते आतलं होतं.

"सोमवारी पडदावाल्यांना मी वरच्या मजल्यावरची खोली दाखवते," त्या म्हणाल्या. "तिथे जरा अंधार आहे, पण पडद्याला अंधारच लागतो." मग सरळ उभ्या राहत, पर्स खांद्याला लावत, दाराशी जाऊन त्या थांबल्या. "आणि माझ्या घरी पिठाची बरणी आहे. एवढी." त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. "उद्या रिकामी करून आणते."